मराठी वाङ्मयातील निद्रानाश

मराठी वाङ्मयात जागणारी माणसे पुष्कळ आहेत. झोप न येणारी फार थोडी. हा शब्दच्छल नव्हे. विरहिणी जागते ती वाटेकडे डोळे लावून; वारकरी जागतो तो हरिनाम सप्ताहात; गोंधळाची रात्र देवीची, शिवरात्र शंकराची; आणि कोजागरीस तर खुद्द लक्ष्मी कोण जागे आहे म्हणून विचारीत फिरते व जागणाऱ्यास वैभव देते. इंग्रजी विद्येने यांत एकाची भर घातली. मॅकबेथाच्या हातून खून होतो आणि त्याची झोप कायमची उडते. शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीरावा’तून ती कथा मराठी नाटकात आली. म्हणजे प्रेम, भक्ती आणि पाप ही जागण्याची तीन कारणे आमच्या लेखकांनी मान्य केली. रोग हे चौथे कारण त्यांच्या गणतीत जवळजवळ नाही.

आमच्या वैद्यकाची गोष्ट निराळी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात झोप नाहीशी होण्याची कारणे मोजली आहेत : कामाचा व्याप, काळ, व्याधी, जन्मप्रकृती आणि वायू. सुखदुःख, पुष्टी व कृशता, बल व दुर्बलता ही सर्व निद्रेच्या अधीन आहेत, असेही तेथेच म्हटले आहे. या गणतीत प्रियकर नाही आणि पातकही नाही.

हा प्रश्न आम्ही केवळ रसिकतेने काढीत नाही. ज्यास हल्ली द्विध्रुवीय विकार म्हणतात, त्या चित्ताच्या भरती-ओहोटीशी आमची गाठ पडून बरीच वर्षे झाली. झोपेचे वैर त्याहून जुने. नांदगाव पेठेस आमचे घर महामार्गापासून दूर नाही. मध्यरात्र उलटली की औद्योगिक वसाहतीतील पाळी आटोपून परतणाऱ्यांच्या दुचाक्या ऐकू येतात, मग मालमोटारींची रीघ, आणि साडेचारच्या सुमारास देवळातील भोंगा. नागपूरच्या वाटेवर थोडे पुढे गेले की मोझरीचा गुरुकुंज लागतो. तेथून तुकडोजी महाराजांनी पहाटेच्या सामुदायिक ध्यानाचा परिपाठ या मुलखाला घालून दिला, तो उत्तमच. पण त्यामुळे पहाटे चारला उठणाऱ्याचा आमच्याकडे जेवढा मान आहे, तेवढाच चारपर्यंत न झोपलेल्याचा संशय आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम विचारले ते, “एवढी कसली चिंता?” मग, “कोणाचे देणे तर नाही ना?” डॉक्टरांचे नाव निघाले ते फार उशिरा. त्या प्रश्नांत त्यांचा दोष नव्हता. कथाकीर्तनांनी आणि नाटकांनी त्यांस दुसरे प्रश्न शिकविलेच नव्हते.

या विकारात झोप दोन तऱ्हांनी जाते, आणि लेखकास जाणण्याजोगे मर्म येथे आहे. ओहोटीत मनुष्य झोपेसाठी तळमळतो. लागलीच तर पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा मिटत नाही, आणि तीच वेळ दिवसातील सर्वांत काळी. भरतीत मात्र तीन तास झोपूनही तो टवटवीत उठतो, निबंध लिहितो, कपाटे आवरतो, परवडत नसलेली पुस्तके मागवितो. घरच्यांस वाटते, बरे झाले, माणूस उद्योगाला लागला! वस्तुतः धोक्याची पहिली खूण ती. उलट एखाद्या रात्रीचे सक्तीचे जागरणही भरतीस निमित्त होऊ शकते; म्हणून शेजारी सप्ताहात पुण्य जोडीत असता आम्ही दहालाच उठून घरी येतो आणि लोक आम्हांस नास्तिक समजतात. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखविला. ते औषध रक्त तपाशीत घ्यावे लागते, परंतु पुष्कळांचे संसार त्यावर उभे आहेत.

आता वाङ्मयाकडे. बालकवी या ठिकाणी सर्वांत जवळ येतात. उदासीनतेवरील त्यांच्या लहानशा कवितेत ते दुःखाचे कारण सांगत नाहीत, ते सापडत नाही हीच त्यांची व्यथा आहे. कारणावाचून दुःख असू शकते, एवढे मराठीत इतक्या सरळपणे क्वचितच कोणी म्हटले असेल. तथापि ‘खेड्यातील रात्र’ ही गावाची रात्र आहे, अंथरुणावर पडलेल्या माणसाची नव्हे. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. त्या अपघातावरून मागे जाऊन कवितेचे निदान करणारे टीकाकार आम्हांस रुचत नाहीत. कवी हा रुग्णपत्रिका नव्हे.

गद्यात आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुढे करू. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांचे क्षणात संतापणे, क्षणात विरघळणे, न सांगता निघून जाणे हे सारे आहे. तो रोग होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु लहरी चित्ताच्या माणसाशेजारी राहणे म्हणजे काय, हे बाईंनी रडगाणे न गाता आणि न्यायाधीश न होता लिहिले. तक्रार आणि माया एकाच वाक्यात नांदू शकतात, हे आमच्या कादंबरीकारांनी त्यांजपासून घ्यावयास हवे होते.

अलीकडच्या कृतींत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट आम्हांस मोलाचा वाटतो. २०१६ च्या चित्रपटांत त्यास राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. जीव द्यावयास निघालेल्या तरुणास जानकी घरी आणते. तिने स्वतः मनाचे दुखणे भोगले आहे, म्हणून ती त्याच्यापाशी कारणांची उलटतपासणी करीत नाही, सोबत करते. आमच्या घरी जे विचारले गेले ते तेथे विचारले जात नाही, हा त्या कथेचा मोठा गुण. उणीव एकच : जानकीपाशी ऐसपैस घर, समुद्र आणि सवड आहे. वऱ्हाडातील दोन खोल्यांच्या घरात, जेथे एकाचे जागणे म्हणजे सर्वांचेच जागणे, तेथे दिवा कोणी मालवायचा, गोळीची वेळ कोणी सांभाळायची, आणि रात्रभर कूस बदलणाऱ्याशेजारी पडलेल्या बायकोने सकाळी डबा कसा करायचा, हे कोणी लक्ष्मीबाईंच्या भाषेत लिहील तर आम्ही ते अगत्याने वाचू. मात्र दिवसा, कारण रात्री वाचण्यास आम्हांस डॉक्टरांची मनाई आहे.