'कासव' पाहून नैराश्य कमी होतं का?

प्रबंधासाठी हा प्रश्न आकर्षक आहे, पण आहे तसाच घेतला तर पुढे अडकायला होतं. का, ते बघू.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला (आलोक राजवाडे) जानकी (इरावती हर्षे) कोकणातल्या घरी घेऊन येते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. त्यामुळे ती उलटतपासणी घेत नाही, उपदेश करत नाही. त्याला जागा देते आणि थांबते. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण चालू असते. माणसं घरटं जपतात, पण पिल्लू समुद्रापर्यंत स्वतःच चालत जातं. चित्रपटाला जे म्हणायचंय ते इथे आहे.

आता मोजमाप. नैराश्यासाठी सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न विचारते. गुण ० ते २७. चित्रपटाच्या आधी आणि लगेच नंतर ती भरून घेतली तर काय कळणार? २ आठवडे तर तेच आहेत! फरक दिसलाच, तर तो बहुधा त्या क्षणाच्या मूडचा.

माझ्या मते 'कासव' शिकवतो तो जास्त करून शेजारी बसणाऱ्याला. म्हणून प्रश्न असा घ्या: चित्रपट पाहिल्यावर मित्र किंवा पालक 'एवढं काय झालंय तुला?' म्हणायचं थांबवतात का? ऐकून घेतात का? हे काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला वेगळा चित्रपट दाखवा.

एक तक्रार मात्र आहे. जानकीकडे घर आहे, गाडी आहे, मदतीला माणसं आहेत आणि भरपूर वेळ आहे. होस्टेलवरच्या रूममेटचा उद्या पेपर असतो. सांभाळायला काय काय लागतं, याचा हिशोब चित्रपट फारसा मांडत नाही. तुमच्या अभ्यासाने तो मांडावा.

आणि हो, सहभागींमध्ये कोणी खरंच त्रासात असू शकतं. समुपदेशकाची सोय आधी करा, मग प्रोजेक्टर लावा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक संमतीपत्रावरच छापा.