भुलाबाईचा डबा आणि सेंट पॉलचे फासे

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या आपल्या जुळ्या शहरांनी जगाला काय दिलं, असं विचारलं की स्कॉच टेप, पोस्ट-इट आणि गायक प्रिन्स ही नावं लगेच निघतात. त्या यादीत मी टेबलाभोवती बसून गोष्ट खेळण्याची कला घालते, आणि पहिल्या नंबरावर घालते. 1969 साली डेव्हिड वेसली या तरुणानं इथं मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा डाव मांडला. ब्राऊनश्टाइन हे त्यातलं काल्पनिक जर्मन गाव. दोघांना सेनापती करायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, ही तेव्हाची रीत. वेसलीनं ती मोडली. एकाला गावचा महापौर केलं, एकाला बँकर, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला आणि जो तो आपापल्या माणसात शिरून कारस्थानं करू लागला. डाव पार फसला असं वेसलीला वाटलं. मित्र म्हणाले, पुन्हा कधी?

या धाडसामागे एक पुस्तक होतं. युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या ग्रंथालयात वेसलीला चार्ल्स टॉटन यांचं 1880 सालचं ‘स्ट्रॅटेगॉस’ सापडलं होतं. ते लष्करी अधिकाऱ्यांना कागदावरची लढाई शिकवणारं पुस्तक. डावाला एक पंच असावा, खेळणाऱ्यानं नियमात नसलेलंही करून बघावं आणि काय घडलं ते पंचानं अक्कलहुशारीनं ठरवावं, हा विचार त्यानं तिथून उचलला.

त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. 1971 च्या सुमारास सेंट पॉलमधल्या घराच्या तळघरात त्यानं ब्लॅकमूर नावाचा मुलूख उभा केला. वर किल्ला, खाली मजल्यांमागून मजले भुयारं, आणि प्रत्येकानं एकेक माणूस होऊन आत उतरायचं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सनं हा प्रकार पाहिला, दोघांच्या कल्पनांतून नियम तयार झाले आणि 1974 च्या जानेवारीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ विक्रीला आलं. तीन पातळ पुस्तिका, लाकडासारखं दिसणारं खोकं, आणि घरी बसून भरलेल्या पहिल्या हजार प्रती. आज हा खेळ जगभर खेळला जातो. त्याचं आजोळ मात्र आपल्या घरापासून गाडीनं थोड्या अंतरावर आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

खेळ कसा चालतो ते सांगते, म्हणजे पुढचं बोलता येईल. एक जण पंच. मुलुखाचा नकाशा फक्त त्याच्यापुढे, पुठ्ठ्याच्या आडोशाला. बाकीच्यांनी प्रत्येकी एक माणूस घ्यायचा. कुणी लढवय्या, कुणी मंत्र जाणणारा, कुणी चोर. पंच सांगतो: “समोर दगडी दरवाजा आहे, कडी गंजलेली.” खेळणारे सांगतात आपण काय करतो. त्यातून काय निष्पन्न होतं ते पंच सांगतो, आणि निकाल दोन्हीकडे जाऊ शकेल तिथं फासे टाकतो. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत सगळे लागतात. हरणं-जिंकणं नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच.

आता मेहरूणकडे येते. जळगावचं मेहरूण म्हटलं की लोकांना तलाव आठवतो आणि थंडीतली गोड बोरं. आम्हा मुलींचं मेहरूण भाद्रपदाच्या पौर्णिमेला सुरू व्हायचं आणि कोजागिरीला संपायचं. महिनाभर भुलाबाई. मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे, टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, मग या घरातून त्या घरात. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन मध्ये बसायची, कारण खाऊ ओळखल्याशिवाय मिळायचा नाही. ती एकदाच डबा हलवायची. आवाज खुळखुळ की धपधप, तेवढ्यावर आमची सरबत्ती: “गोड की तिखट?” “तळलेलं का?” “उपासाला चालतं?” “दातानं फोडावं लागतं?” ती खोटं बोलायची नाही, पण विचारल्यापलीकडे एक शब्द जास्त सांगायची नाही. अनुभवी बाई तर डब्यात कापडाची घडी टाकून आवाजच मारून टाकायची, आणि मग नुसत्या प्रश्नांच्या बळावर गुळपापडीपर्यंत पोहोचावं लागायचं. चांगला प्रश्न शोधून काढणाऱ्या मुलीचा गल्लीत रुबाब असायचा.

भुलाबाईची कथाही अशीच सांगतात. शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले, शंकर हरले, रुसून निघून गेले. मग पार्वतीनं भिल्लिणीचं सोंग घेतलं आणि त्यांना भुलवून परत आणलं. पट, फासे आणि सोंग, तिन्ही एका गोष्टीत. खान्देशातल्या मुलीला सेंट पॉलचा खेळ परका वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

शिकायला इथं आले तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका जुन्या घराच्या तळघरात मला तो पहिल्यांदा दिसला. टेबलावर 1983 सालची लाल पेटी होती, फ्रँक मेंट्झरनं संपादन केलेली. झाकणावर लॅरी एल्मोरनं रंगवलेला लाल ड्रॅगन. तिच्यातल्या फाशांचे आकडे नुसते कोरलेले असायचे, रंग भरलेला नसायचा. सोबत मेणाचा खडू मिळायचा. तो आकड्यांवर घासायचा आणि वरचं मेण चिंधीनं पुसून काढायचं. खाचेत उरेल तेवढाच आकडा. ती बैठक पहाटेपर्यंत चालली आणि मी एका खडूच्या तुकड्यासकट घरी आले. पुढं नोकरी, लग्न, मुलं, शनिवारच्या पोहण्याच्या शिकवण्या. खेळ सुटला. मुलगी कॉलेजला गेली आणि शनिवार मोकळे झाले, तेव्हा तो पुन्हा हाती आला.

मधल्या काळात खेळ बदलला होता. नव्या आवृत्त्यांची पुस्तकं देखणी, जाड आणि विचारपूर्वक लिहिलेली आहेत. माझी मुलगी तीच खेळते आणि आनंदानं खेळते. पण त्यांत पुष्कळ गोष्टी कागदावर कौशल्य म्हणून लिहिलेल्या असतात. खोलीत काही लपलंय का? निरीक्षणाचा फासा टाका. पहारेकरी पटेल का? मन वळवण्याचा फासा टाका. जुन्या पद्धतीत खोली शोधायची तर कुठं हात घालता ते सांगावं लागतं आणि पहारेकऱ्याशी खरोखर बोलावं लागतं. मला जुनी रीत जवळची, कारण मेहरूणच्या डब्यावर कुणी फासा टाकला नव्हता.

जुन्या नियमांत काही गोष्टी फार शहाणपणानं बसवलेल्या आहेत. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजतात आणि मशाल सहा पाळ्या टिकते. किती मशाली घेतल्या, कुणाच्या हातात दिल्या, हाच जिवाचा प्रश्न होतो. मंत्र जाणणाऱ्याला सुरुवातीला दिवसाला एकच मंत्र; तो कधी वापरायचा यावर अर्धा तास खल चालतो. अनुभवाचे गुण मुख्यतः संपत्तीवर मिळतात: साधा गोब्लिन मारला तर पाच, शंभर मोहरा सुखरूप बाहेर काढल्या तर शंभर. त्यामुळे लढाई टाळणारा शहाणा ठरतो. समोर कुणी अनोळखी आलं की पंच दोन साधे फासे टाकून त्याचा रोख ठरवतो. 1981 च्या पुस्तिकेत दोन आले तरच तो थेट हल्ला करतो, म्हणजे छत्तिसात एकदा. सहा ते आठ आले, म्हणजे छत्तिसात सोळा वेळा, तर तोही तुमच्याइतकाच गोंधळलेला असतो. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा तक्ता सुंदर वाटतो. परक्याशी आधी बोलून पाहावं, हे त्यात गणितानं बांधलंय.

ही जुनी रीत मागं पडली होती. ती पुन्हा वर आणली हौशी लोकांनी. 2000 साली प्रकाशकांनी नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्यावर दिला आणि त्याच आधारे लोकांनी छपाई बंद झालेले नियम नव्यानं लिहून काढले. 2006 मध्ये ‘ऑस्रिक’ आलं, 2019 मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’. आमच्या टेबलावर हेच दुसरं पुस्तक असतं. गायगॅक्स 2008 मध्ये गेले, आर्नेसन 2009 मध्ये. लेक जिनिव्हाला गायगॅक्स यांच्या नावानं दर वर्षी मेळा भरतो आणि तिथं पांढऱ्या केसांची माणसं नातवंडांना पंच व्हायला शिकवतात.

आपल्या मंडळातला डाव मराठीत चालतो आणि मुलूख खान्देशाचा आहे. ड्रॅगनच्या डोंगरापेक्षा मला सातमाळा जास्त चांगला वर्णन करता येतो, म्हणून तसं ठरलं. सध्याचं भुयार चाळीसगावजवळच्या पाटण्याचं आहे. तिथं खरोखरच शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि 1207 च्या सुमारास त्याला दान मिळालं. मठाचं पुढं काय झालं ते आमच्या डावात शोधायचं आहे.

गेल्या हिवाळ्यातली एक बैठक सांगते. चार शाळकरी मुलं, दोन बाप, आणि त्यांतल्या एकाची आई. भुसावळकडच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. आजी कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

“काकू, मी दरवाजा उघडते.”

“कशी?”

“थांबा. उंबऱ्यावर काय आहे?”

“धूळ.”

“धुळीत पावलं आहेत?”

“आत गेलेली आहेत. बाहेर आलेली नाहीत.”

टेबल गप्प झालं. मग दरवाजा उघडला, आत फरशीत गोल तोंड, खाली अंधार. धाकटा मुलगा म्हणाला, मी दोरी बांधून उतरतो. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला: “जाऊ नको भो. आधी दिवा सोड.”

आजींनी मेथी बाजूला ठेवली आणि समजावून सांगितलं. धान्याचं पेव वर्षानं उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. आधी तोंड उघडं टाकून ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. ज्योत विझली तर आतली हवा मारते. मुलांनी मशाल सोडली. मी नकाशात त्या खोलीवर ‘विषारी वायू’ असं कधीच लिहून ठेवलेलं होतं. मशाल विझली. त्या पोराचा लढवय्या वाचला, आणि पुढच्या बैठकीला आजींसाठी मुलांनीच एक माणूस तयार करून ठेवला. नियमांचं एक पानही त्यांनी वाचलेलं नाही, तरी तो डाव सगळ्यांत चांगला त्या खेळल्या. जुन्या रीतीत माणसाचं स्वतःचं शहाणपण चालतं. पेव उघडणाऱ्या पिढीचं शहाणपण मिनेसोटातल्या टेबलावर कामी आलं ते या रीतीमुळे.

मुलांच्या मराठीबद्दल आपण सगळे एकच वाक्य बोलतो: समजतं, पण बोलत नाहीत. घरात त्यांना बोलायची गरजच पडत नाही, कारण इंग्रजीत उत्तर दिलं तरी जेवण मिळतं. या टेबलावर मराठीत विचारल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. “कुठं”, “कशानं”, “किती खोल”, “कुणाचा आवाज” हे शब्द त्यांच्या तोंडात बसले ते अडल्यामुळे. व्याकरण चुकतं. चुकू दे, मी अर्थाला निकाल देते, लिंगवचनाला नाही. काही आईबापांना अभ्यासाची काळजी वाटते, आणि हे अमेरिकेतही नवं नाही. 1980 च्या दशकात इथल्या पालकांत या खेळाविषयी मोठी भीती पसरली होती. मी त्यांना शेजारी बसायला बोलावते. मुलं काय करतात ते बघायला एक बैठक पुरते.

पट मांडून दुसरा कुणी होण्याची हौस मराठीला जुनी आहे. मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. त्यात खेळणारा जीव होऊन जन्माच्या घरातून मोक्षाच्या घराकडे निघतो, शिड्या चढतो, साप उतरतो. या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसन यांनी 2019 मध्ये पीएचडीचा प्रबंध लिहिला. डेन्मार्कचा माणूस आपले पट वाचतो, आपण सेंट पॉलच्या फाशांवर पाटणं उभं करतो. आमच्या मोठ्यांच्या पुढच्या डावात मोक्षपटाचीच घरं भुयाराच्या खोल्या म्हणून वापरायचं ठरलंय.

एक कौतुक राहिलं. बैठकीसाठी आपलं तळघर देणारं घर, पोह्यांपासून शेवभाजीपर्यंत रात्रीचं बघणाऱ्या मावश्या, आणि चौकटीच्या वहीत प्रत्येक खोली मोजून नकाशा काढणारी नववीतली मुलगी, यांच्याशिवाय हा डाव कधीच मोडला असता. त्या मुलीनं या वर्षी पहिल्यांदा स्वतः पंच होऊन डाव चालवला. आडोशामागून ती विचारल्यापलीकडे एक शब्द जास्त सांगत नव्हती.

तिच्या नकाशात तापीच्या दक्षिणेचा मुलूख भरत आलाय. उत्तरेला, चोपडा-यावल-रावेरकडे, कागद कोरा आहे. ज्यांनी उनपदेवाचं गरम पाणी पाहिलंय, मनुदेवीच्या वाटेनं जे गेलेत, त्यांनी पुढच्या बैठकीला जरूर यावं. नियम यायची गरज नाही. पेन्सिल आणा, फासे आमच्याकडे आहेत.