नेल्सनची ‘थॉम्सन’-पत्रे

१८०१ च्या जानेवारीअखेर लंडनमध्ये एमा हॅमिल्टन हिला कन्या झाली, तेव्हा त्या कन्येचा पिता होरेशिओ नेल्सन ‘सान जोसेफ’ या युद्धनौकेवर होता. नेल्सनची पत्नी फ्रान्सिस हयात होती. एमाचे पती सर विल्यम हॅमिल्टन तर एमाच्याच घरात नांदत होते. पत्रे परक्याच्या हाती पडण्याचे भय नित्याचे. यावर नेल्सनने जो उपाय योजला तो मुत्सद्द्याचा नसून कथाकाराचा आहे. आपल्या जहाजावर थॉम्सन नावाचा एक तरुण असून त्याची प्रसूत प्रिया लेडी हॅमिल्टनच्या आश्रयास आहे; त्याचे मनोगत आपण केवळ कळवीत आहो, अशी त्याने बतावणी केली. या जोडप्याच्या विवाहाआड येणारा एक ‘चुलता’ही पत्रांतून डोकावतो. तो कोण, हे ओळखण्यास फारसे परिश्रम पडत नाहीत.

ही युक्ती बालिश म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. नावाचे स्पेलिंगसुद्धा नेल्सनने एकसारखे ठेवलेले नाही. परंतु वाङ्मयीन दृष्टीने पाहता या पत्रांचे मोल गुपित राखण्यात नसून, आडपडद्यामुळे काय बोलता आले, यात आहे. फेब्रुवारीच्या आरंभीच्या पत्रात कन्याजन्माची वार्ता ऐकून थॉम्सन आनंदाने वेडा होतो, रडतो, प्रार्थना करतो. मात्र आपल्या भावना चारचौघांत दाखविण्याची त्याला सोय नाही. मग नेल्सन लिहितो की, शेजारी उभ्या असलेल्या या तरुणाने आपल्याला इतके अस्वस्थ केले आहे की आता लिहवत नाही. येथे ‘तो’ आणि ‘मी’ यांमधील पडदा इतका विरतो की पलीकडचे सारे दिसावे. अन्य एका पत्रात थॉम्सनची इच्छा अशी की, चुलता मरेल तर आपण तत्काळ येऊन विवाह करू. सर विल्यम हे नेल्सनचे स्नेही होते. त्यांच्या मृत्यूची इच्छा नेल्सनच्या सहीने कागदावर उतरली असती, असे वाटत नाही. पडदा टपाल फोडणाऱ्यापासून जितका आहे, तितकाच लेखकाचा स्वतःपासूनही आहे.

मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकास या ठिकाणी आपल्याकडील पत्रांतली ‘बाकी मजकूर मुखजबानी सांगतील’ ही तऱ्हा आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे नाजूक मजकूर कागदावर येतच नाही, त्यामुळे अभ्यासकाच्या हाती केवळ रिकामी जागा लागते. नेल्सनला मौन साधत नाही. विश्वासू माणूस मिळताच, १ मार्च १८०१ च्या पत्रात, त्याने थॉम्सनला रजा दिली आणि एमाला उघडपणे पत्नी म्हणून संबोधिले. आल्फ्रेड मॉरिसन यांच्या संग्रहाच्या १८९३–९४ च्या मुद्रित आवृत्तीत हे पत्र आहे. चरित्रकारास ते अधिक उपयोगी, यात शंका नाही. पण त्यात थॉम्सनची तारांबळ नाही, आणि पत्र म्हणून ते त्या मानाने सपाटच उतरले आहे.

पत्रे जाळावीत, असे नेल्सनने एमाला बजाविले होते, आणि तिची पत्रे त्याने स्वतः जाळली. तिने मात्र त्याची जपली. १८१४ मध्ये त्यांतील कित्येक दोन खंडांत छापून आली, आणि सारी चर्चा या प्रकाशनाच्या औचित्याभोवती फिरत राहते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो : हे गोपन कोणाच्या हिताचे? फ्रान्सिसला त्यापासून काडीचेही संरक्षण लाभले नाही. मुलीचे हित झाले असे म्हणावे, तर नोंदी वेगळे सांगतात. १३ मे १८०३ रोजी मेरीलबोन येथे तिचा बाप्तिस्मा झाला तो ‘होरेशिया नेल्सन थॉम्पसन’ या नावाने. जन्मतिथी लिहिली २९ ऑक्टोबर १८००. त्या दिवशी एमा इंग्लंडात पोचलीही नव्हती; ती नेल्सनसह ६ नोव्हेंबरला यार्मथला उतरली. जहाजावरच्या पत्रांतील कल्पित नाव अशा रीतीने चर्चच्या दप्तरात खरे ठरले.

ट्रफाल्गारपूर्वी, १९ ऑक्टोबर १८०५ रोजी, नेल्सनने होरेशियाला जे पत्र लिहिले त्यात तो पिता म्हणून आशीर्वाद देतो. दोनच दिवसांनी मृत्युपत्राच्या पुरवणीत तीच मुलगी दत्तक कन्या होते, आणि यापुढे तिने केवळ नेल्सन हे नाव लावावे, अशी इच्छा नोंदविली जाते. खाजगी कागदावर बाप आणि सार्वजनिक कागदावर पालक, हा भेद त्याने अखेरच्या दिवसापर्यंत पाळला. होरेशिया १८८१ पर्यंत जगली. नेल्सन आपला पिता हे तिने मान्य केले. एमा आपली आई, हे तिने कधीही मान्य केले नाही.