दलित स्वकथने : आशावाद आणि आत्मटीका

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रकाशित झाले. त्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर या प्रदेशातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ‘बलुतं’च्या स्वीकाराची चर्चा करताना हा काळ दृष्टिआड करता येत नाही.

या स्वकथनावर दलित वाचकांतूनही नाराजी व्यक्त झाली. वडिलांचे व्यसन, कावाखान्यातील बकाल जीवन, पत्नीविषयीचा निवेदकाचा संशय हे सारे चव्हाट्यावर मांडल्याने समाजाची मान खाली जाते, असा तिचा आशय होता. घरे जळत असताना घरातील दुखणी बाहेर सांगू नयेत, ही भावना समजण्यासारखी आहे. केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला ती आजही परकी वाटणार नाही. शिवाय या दैन्याकडे केवळ कुतूहलाने पाहणारा पांढरपेशा वाचकही होताच. तथापि, या भावनेलाच साहित्यमूल्याची कसोटी मानले तर निवेदकाने स्वतःवर ठेवलेला दोष समीक्षेला दिसेनासा होतो. आणि ‘बलुतं’चे बळ नेमके तेथेच आहे.

प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये शिक्षणाची वाट भुकेच्या अनुभवाला दिशा देते, त्यामुळे तेथे हा ताण तुलनेने सौम्य आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ मध्ये मात्र तो तीव्र होतो. सासुरवाशिणीच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा, नवऱ्यांचा मार, पोतराज सोडण्याची प्रथा यांचे वर्णन लेखिका कोणतीही सबब न देता करते. येथे अत्याचार करणारे हात सवर्णांचेच नाहीत, आपल्याच घरातले आहेत. (हे लेखन तिने अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हेही अर्थपूर्ण होय.) आणि याच पुस्तकात डॉ. आंबेडकरांच्या जेजुरीच्या भाषणाने हलून गेलेली वस्ती येते. शिकून समाजाला विसरलेल्यांनाही लेखिका खडसावते.

म्हणून या स्वकथनातील आशावाद आणि आत्मटीका यांना परस्परविरोधी मानणे योग्य नाही. पदवीच्या वर्गासाठी उतारा निवडताना जेजुरीचा प्रसंग घेतला आणि खोड्याचा वगळला, तर वस्ती कशातून उठली हेच विद्यार्थ्याला कळणार नाही; केवळ खोडा घेतला, तर ती उठली हेही कळणार नाही.