मागे राहिलेल्यांचे चित्र

पानिपत हा शब्द मराठीत सर्वनाशाचा पर्याय झाला, आणि मराठी प्रतिभेने त्यावर जे उभारले ते प्रामुख्याने मृतांचे महाकाव्य. १४ जानेवारी १७६१ नंतर जे मेले नाहीत आणि परतलेही नाहीत, त्यांच्याकडे ती क्वचितच वळली. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या टापूतील रोड समाजाचा एक वर्ग स्वतःला त्या मागे राहिलेल्यांचा वंशज मानतो. कोल्हापूरचे संशोधक वसंतराव मोरे यांनी हा संबंध ग्रंथरूपाने मांडला. समाजातीलच इतरांना तो मान्य नाही. वाद चालतो तो आडनावांचा आणि चालीरीतींचा, म्हणजे पुराव्याचा. परंतु परमुलखात रुजलेल्या माणसाची ओळख पुराव्याने ठरते काय? या प्रश्नाला ज्या कलावंतांनी थेट हात घातला, त्यांत चिनी-अमेरिकन चित्रकार हुंग लिऊ यांचा विचार आधी करावा लागतो.

१९४८ साली चांगचुन येथे जन्मलेल्या लिऊ १९८४ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि २०२१ मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांचे ‘रेसिडेंट एलियन’ (१९८८) हे चित्र म्हणजे त्यांचेच ग्रीन कार्ड, पाच फूट उंच आणि साडेसात फूट रुंद केलेले. छायाचित्राच्या जागी त्यांचा चेहरा आहे. नाव मात्र ‘फॉर्च्युन कुकी’ आणि जन्मवर्ष १९८४. अमेरिकेतील चिनी खानावळीत जेवणाअखेर मिळणारे, पोटात भविष्याची चिठ्ठी असलेले हे बिस्किट मुळात चिनी नव्हे. त्याचे कूळ जपानी आहे. यजमान देशाने पाहुण्यास दिलेला हा ‘वारसा’ लिऊ मुकाट्याने स्वीकारतात, आणि त्या स्वीकारातच त्याची फजिती होते. जन्मवर्षातील ४८ चे ८४ होणे हा केवळ अंकांचा खेळ नव्हे: माणूस ज्या दिवशी कार्यालयाच्या नोंदीत आला त्या दिवशीच तो जन्मला, असे मानणाऱ्या व्यवस्थेचे ते शब्दशः चित्रण आहे.

१९९४ मध्ये लोहमार्गावर दोन लाख कुकी रचून त्यांनी चिनी मजुरांचे जे स्मारक मांडले, ते भव्य खरे, पण प्रतीक चटकन उलगडते. जुन्या छायाचित्रांवरून रंगविलेल्या स्त्रिया व श्रमिक अधिक खोल उतरतात. जवसाच्या तेलाचे ओघळ त्या चेहऱ्यांवरून वाहतात. आठवण टिकते आणि विरघळतेही. पुढे पुढे हा ओघळ सवयीचा झाला, हेही नमूद केले पाहिजे.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ कादंबरीही १९८८ सालचीच. तिचे लक्ष रणावर आहे, आणि ते स्वाभाविकच. परंतु काला आंबच्या स्तंभाला वंदन करून परतणारा मराठी यात्रिक शेजारच्या गावातील रोड शेतकऱ्यास मूळ आडनाव विचारतो, तेव्हा तोही नकळत एक कार्डच भरीत असतो. त्या शेतकऱ्याच्या हरियाणवी बोलीचे, त्याच्या गहू-भाताच्या शेतीचे, अडीचशेहून अधिक वर्षांच्या तेथील वास्तव्याचे चित्र मराठीत अद्याप कोणी रंगविलेले नाही. आणि त्यावर जन्मवर्ष १७६१ घालावयाचे की नाही, हे त्याला विचारण्याचेही राहून गेले आहे.