विमान कोणासाठी उतरलं?

मित्रहो, प्रभातच्या 'संत तुकाराम'वर आजवर ज्यांनी लिहिलं त्यांनी पडद्यावर लिहिलं. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा, केशवराव भोळ्यांच्या चाली, दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन. ते चांगलंच आहे, आणि पांढरपेशा समीक्षकांनी ते पोटभर लिहून ठेवलं आहे. मला पडद्यासमोर बसलेल्यांवर लिहायचं आहे. कारण पुढच्या बाकांवर आपले लोक बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यात पाणी का आलं हे कोणी त्यांना विचारलं नाही.

आधी हिशेब मांडतो. चित्रपट १९३६ च्या अखेरीस मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे हलला नाही. एका थेटरात वर्षावर चाललेला तो आपल्या देशातला पहिला चित्रपट असं सांगतात. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीस हे नाटकात बायकांची कामं करणारे नट. पण चित्रपट आल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर तुकाराम म्हटलं की तोच चेहरा उभा राहू लागला. बीज आणि झाडाचं जे गाणं त्यात आहे ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं. तरी भल्याभल्यांनी ते तुकोबाचाच अभंग म्हणून गाथेत शोधलं. म्हणजे नट संत झाला आणि गीतकाराचं गाणं अभंग झालं. हे दोन चमत्कार पडद्यावरचे नाहीत, ते प्रेक्षकांनी केले.

आता तोच काळ आपल्या बाजूनं बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषद भरली आणि धर्म सोडायचा विचार उघड मांडला गेला. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं त्यांचं न होऊ दिलेलं भाषण त्याच वर्षी पुस्तक होऊन आलं. त्याच वर्षी गांधीजी आमच्या वर्धा जिल्ह्यात शेगावला राहायला आले, ज्याला पुढं सेवाग्राम नाव पडलं. आणि वर्ष संपता संपता त्याच मुंबईत तुकोबाच्या विमानासाठी रांग लागली. एकाच शहरात एकीकडे माणसं देव सोडायला निघाली होती आणि दुसरीकडे माणसं देव बघायला रांगेत उभी होती. मला वाटतं, काही माणसं दोन्हीकडे होती. गिरणीतून सुटून परिषदेला गेलेला माणूस रविवारी सिनेमाला गेलाच नसेल असं मी म्हणू शकत नाही.

का गेला असेल तो? आमच्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना उघडलं म्हणून त्याचा केवढा गाजावाजा आहे. पण पंढरपूरचं दार १९४७ पर्यंत बंद होतं. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं. तोवर चोखोबाची माणसं पायरीपाशी थांबायची आणि कळस बघून परतायची. आणि इथं थेटरात खिडकीवर पैसे मोजले की विठोबा एवढा मोठा समोर! बडव्याला विचारायला नको. जो देव वारी करून दिसला नाही तो तिकिटावर दिसला. त्या माणसाला अडाणी म्हणून हसायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. त्याचं रडणं हे भोळेपण कमी आणि थकलेली उधारी जास्त होती. आणि हेही लक्षात ठेवा की तो विठोबा पडद्यावर उभा करणाऱ्या दोघांपैकी एक शेख फत्तेलाल होते.

पण म्हणून चित्रपटाला सोडायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पोट्ट्यांनी हिंगणघाटच्या आमच्या वस्तीत विहाराच्या अंगणात चादर बांधून हा चित्रपट दाखवला. मी रिंग खात्यात आहे, त्या आठवड्यात पहिली पाळी होती म्हणून जमलं. काही कार्यकर्ते आधीच रागावले, विहारात विठोबा कशाला म्हणून. मी म्हटलं, बसा आणि लोकांकडे बघा. मी पण पडद्यापेक्षा लोकांकडेच जास्त बघितलं.

पोट्टे प्रत्येक चमत्काराला हसले. धान्याची रास वाढली, हसले. नदीतून देवी वह्या घेऊन वर आली, हसले. शिवाजीला धरायला सैनिक आले आणि कीर्तनातला जो तो माणूस शिवाजीसारखा दिसू लागला तेव्हा तर शिट्ट्या झाल्या. मोबाईलवर याच्या दहापट जादू बघणारी पिढी आहे ती. पण बुढ्या बायका त्या जागी हसल्या नाहीत. त्या दुसरीकडे हसल्या. आवली नवऱ्याला बोलते तिथं, म्हशीच्या जागी, पोरगं आजारी पडल्यावर ती विठोबाला चपलेनं मारायला निघते तिथं. तिथं त्या अशा हसल्या की जणू घरचीच गोष्ट चालली आहे. आणि शेवटी तुकाराम गरुडाच्या विमानात बसून वर गेला, तेव्हा अंगण गप्प झालं. मागून एक बुढी म्हणाली, "थो गेला वरतं. आता ह्या लेकरायले खाऊ कोन घालन?"

मित्रहो, या चित्रपटावर माझ्या वाचण्यात आलेल्या सगळ्या समीक्षेत एवढं खरं वाक्य मला सापडलं नाही. पोट्ट्यांनी चमत्कार खोटा आहे एवढंच पकडलं. ते तर शाळेत गेलेल्या कोणालाही कळतं. बुढीनं चमत्काराची किंमत विचारली. ती कोण भरतं ते विचारलं. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न चित्रपटातही आहे. गौरी नावाच्या नटीनं आवलीचं काम असं केलंय की तिच्या तोंडून भूक बोलते. तुकाराम तिला चल म्हणतो, ती चुलीपाशी असते, कामं सोडून कशी जाणार? मग विमान जाताना बघायला धावत बाहेर येते. भक्तीच्या चित्रपटात सगळ्यात शहाणं माणूस तीच, आणि खाली राहतं तेही तीच.

आता चमत्कार कुठं कुठं येतो ते मोजा. शेतातलं पीक बुडालं. आता प्रश्न निघणार की राखणदाराच्या डोक्यावर नुकसान टाकणारा हा धनी कोण? तेवढ्यात रास वाढते, प्रश्न मिटतो. पोरगं आजारी आहे. आता प्रश्न निघणार की घरात दवादारूला पैसा का नाही? तेवढ्यात पोरगं बरं होतं. रामेश्वरशास्त्री सांगतो की शूद्राला हे लिहायचा अधिकार नाही, वह्या बुडव. आता तर सगळ्यात मोठा प्रश्न निघणार की तू कोण सांगणारा? तुकाराम कुटुंबासह नदीकाठी उपाशी बसतो आणि तेरा दिवसांनी देवी वह्या आणून देते. शास्त्र्याला जाब कोणी विचारतच नाही. वरून निकाल लागला, खाली खटला चाललाच नाही. जिथं प्रश्न उभा राहायला पाहिजे बरोब्बर त्याच जागी चमत्कार उभा केलाय. या चित्रपटाची ही खरी कारागिरी आहे आणि ती ट्रिक सीनपेक्षा भारी आहे.

इंद्रायणीत कागद दोनदा बुडाले असं परंपरा सांगते. एकदा शास्त्र्याच्या हुकमानं अभंग बुडाले. पण त्याच्या आधी दुष्काळानंतर तुकोबानं स्वतःच्या हातानं आपल्या वाट्याची कर्जखतं बुडवली होती. घरात भूकबळी पाहिलेल्या माणसानं लोकांचं देणं पाण्यात सोडलं. ते कागद काही वर आले नाहीत, आणि ते वर यावेत असं कोणा गरिबाला वाटलंही नसेल. मला विचाराल तर खरा चमत्कार तो. त्यात देव नाही, देवी नाही, एक कुणबी दुकानदार आहे आणि त्याचा निर्णय आहे. आमच्या विदर्भात, जिथं कर्जापायी शेतकरी फास घेतो, तिथं कोणत्या बुडवण्यावर चित्रपट निघायला पाहिजे ते तुम्हीच सांगा.

आणि ते विमान. तुकोबा सदेह वैकुंठाला गेला की त्याचा घात झाला हा प्रश्न बऱ्याच लोकांनी विचारला आहे. आ. ह. साळुंखे यांनी 'विद्रोही तुकाराम' लिहून त्या माणसाचं भांडण पुन्हा जमिनीवर आणलं. मी पुरावे घेऊन बसलेला माणूस नाही. मी एवढंच बघतो की विमान आलं की चौकशी बंद होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. तिथं विमान उतरलं नाही, म्हणून निदान खून झाला असं म्हणता तरी आलं.

बाबासाहेब तुकोबाला टाकून देत नव्हते हे आपल्यातल्या रागावलेल्यांनी ध्यानात घ्यावं. १९२० च्या 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकोबाचे शब्द होते. आणि गांधीजींना उत्तर देताना त्याच बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं की संतांनी माणसं देवापुढं समान मानली, पण माणसामाणसांतली जात मोडायचं भांडण केलं नाही. शब्द घेतला, पण हिशेब सोडला नाही. प्रेक्षक कसा असावा याचा हा धडा आहे.

याहून मोठा धडा 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये आहे. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी बघितला आणि घर सोडलं ही गोष्ट जगभर चालते. बाबासाहेब म्हणाले, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर यातलं काही बघितलंच नाही हे कसं पटावं? त्यांनी ती गोष्ट काढली आणि तिथं रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण ठेवलं. जिथं चमत्कारासारखा प्रसंग होता तिथं पाण्याचा प्रश्न ठेवला. श्रद्धेच्या कथेचं संकलन कसं करायचं ते त्यांनी करून दाखवलं. प्रभातवाल्यांनी इंद्रायणीवर याच्या उलट केलं.

हे सगळं मी पुण्यामुंबईच्या लोकांना ऐकवायला लिहीत नाही. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ'ला बायका चपला बाहेर काढून बसायच्या, पडद्यावर नाणी फेकायच्या, हे सांगून आपण अजून हसतो. पण जब्बार पटेलांचा २००० सालचा बाबासाहेबांवरचा चित्रपट आमच्या वस्तीत लावला तेव्हा चादरीला हार घातला गेला, उदबत्ती लागली. प्रेम होतं ते, मला कळतं. पण चवदार तळ्याचा प्रसंग आला तेव्हा आमच्या वस्तीच्या नळाला आठ आठ दिवस पाणी का येत नाही हे कोणी विचारलं नाही. सगळे हात जोडून होते. हात जोडलेले असले की अर्ज लिहिता येत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात बाबासाहेबांसाठी विमान उतरवायची तयारी चालली असेल, तर तुकोबाच्या विमानाला हसण्यात काय अर्थ?

तेव्हा माझं म्हणणं असं. हा चित्रपट वस्त्यावस्त्यांत दाखवा. विहारात दाखवा. चांगला आहे, माणसं खरी आहेत, आवली तर फारच खरी आहे. पण पहिला चमत्कार आला की तिथं थांबवा. उजेड लावा आणि लोकांना विचारा, हा चमत्कार झाला नसता तर पुढं काय झालं असतं? कोणाला जाब द्यावा लागला असता? बायांना आधी बोलू द्या, पोट्टे नंतर बोलतील. दोन तासांचा चित्रपट चार रात्री चालेल. चालू द्या. आपल्याला ५७ आठवड्यांची घाई नाही.