चार आवाजांचा संगीतकार

व्हिडिओ गेममधील संगीत म्हणजे नुसता टीं-टीं आवाज, असे आपण शिक्षक सहज म्हणून जातो. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाच्या धूनेचा समावेश केला. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. धूनेचे रचनाकार कोजी कोंडो १९८४ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीत रुजू झाले. खेळ आला १९८५ मध्ये. या कामाचे मोल नेमके कशात आहे?

यंत्रातील चिपकडून कोंडोंनी चारच आवाज घेतले: दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा आणि एक नुसत्या गोंगाटाचा. चौकोनी तरंगात मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींची कंपने ठळक असतात, म्हणून तो टोकदार वाटतो. त्रिकोणी तरंगात ती झपाट्याने क्षीण होतात, म्हणून तो मऊ. चाल टोकदार आवाजांकडे, खर्ज मऊ आवाजाकडे आणि ताल गोंगाटाकडे, अशी ही वाटणी आहे.

साधने अपुरी होती म्हणूनच ही कला घडली, असे सांगितले जाते. आम्हास ते पटत नाही. आमच्या साखऱ्यात भजनाला वीणा, टाळ, पखवाज एवढेच पुरते; पण तेवढ्याने प्रत्येक भजन रंगते असे नाही. कोठे काय वापरावे, हे कळावे लागते. मारिओच्या हालचालीशी जुळेना म्हणून कोंडोंनी आपली पहिली चाल टाकून दिली. पाण्याखाली त्यांनी तीन मात्रांचा झोका दिला, भुयारात तुटक स्वर आणि मध्ये शांतता ठेवली. उरलेली वेळ शंभराच्या खाली गेली की तेच संगीत द्रुत होते.

पुढे साधने वाढली. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये मारिओ योशीच्या पाठीवर बसताच चालीत बोंगोचा ठेका मिसळतो. २००७ च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी'साठी महितो योकोता यांच्यासोबत काम करताना तर पूर्ण वाद्यवृंद मिळाला. त्याने भव्यता आली खरी. पण खेळणाऱ्याच्या हालचालीला साथ देणे हा कोंडोंचा खरा गुण चार आवाजांतच सिद्ध झाला होता.

मारिओ उडी मारतो तेव्हा त्या आवाजासाठी संगीतातील एक आवाज क्षणभर गप्प होतो. तो कोणता, हे विद्यार्थ्यांना कान देऊन शोधू द्यावे. तरंगांचा पाठ तेथूनच सुरू करता येईल.